खलबत्त्याला वास राहतो

रम्सच्या खाडीवर आमची मेस.
सोळा खलाशी, दोन मेकॅनिक, मी आचारी.
माझ्या पेटीत गावचं म्हणावं असं एकच:
तिरफळं. काचेच्या बरणीत, झाकणाला रबर.
विमानतळावरच्या पोरानं एक दाताखाली धरलं,
तोंड वाकडं केलं,
मग जीभ बधिर झाली तसा हसला.
जा, म्हणाला.

बांगड्याच्या आमटीत टाकायची ती शेवटी,
बी काढून, नुसती ठेचून. वाटायची नाहीत.
वाटली की कडू होतात,
हे बिजूला तीन वर्षं सांगतोय,
आणि तो तीन वर्षं मान हलवतोय.

झाड आमच्या गोठ्यामागे.
बुंध्यापासून काटे. काटे कसले,
बुडाशी रुंद, रुपयाएवढे, टोकाला सुई.
त्याच्यावर चढलेला माणूस मी बघितलेला नाही.
भाद्रपद सरता सरता गंगाराम बांबूला कोयती बांधी
आणि घोस खाली पाडी.
खाली गोणपाट धरून मी, डोळे मिटून.
डोळे तरी चुरचुरत.
दाढ ठणकली की तेच फळ दाढेत धरायचं,
आणि रडत असलास तर रडायचं.

माघात फोन आला. मुलगी झाली.
चौथ्या दिवशी परत:
वैजयंताच्या छातीत गाठ, दूध अडलंय,
डॉक्टरीण उद्या सावंतवाडीहून येणार, ताप आत्ता आहे.
मी म्हटलं, डॉक्टरणीला येऊ दे,
तोवर झाडाचा काटा काढ.
जुना, बुंध्याजवळचा. सहाणेवर पाण्यात उगाळ,
गंधासारखा, आणि लाव.
नेत्रावहिनी पुण्याची. म्हणाली,
भावजी, मागं चार झाडं आहेत,
एकालाही पान नाही, ओळखू कशी?
मी म्हटलं, हात लावून बघ.
जे हात लावू देणार नाही, ते आपलं.

पलीकडून थोडा वेळ पावलं ऐकू आली.
मग, आई गं.
मग, सापडलं.

त्याच दुपारी सालमची बायको गेली.
सालम आमचा नाखवा होता, गुडघे जाईपर्यंत.
त्याच्या दारात बोरीसारखं झाड, सिद्र,
काटे बारीक, पण असे की सदरा धरून ठेवतील.
त्याची फळं पोरं खातात,
पानांनी बायका केस धुतात,
आणि शेवटची आंघोळ त्याच पानांच्या पाण्यानं.
घरातला खलबत्ता कुणाला सापडेना,
पोरगा धावत मेसमध्ये आला.
माझा दगडी. सावंतवाडीच्या बाजारातला,
बारा किलो, विमानाचं जादा भाडं भरून आणलेला.

तीनदा धुतला. चौथ्यांदा राखेनं.
नाकाशी धरला. तिरफळ.
पाचव्यांदा धुतला.
तरी नेताना हात कचरत होता.
मेलेल्या बाईच्या पाण्याला माशाच्या आमटीचा वास,
कुणाला काय सांगणार?

आत बायका. दारात सालम, खुर्चीत.
त्यानं खलबत्ता मांडीवर घेतला, वाकला,
बराच वेळ वाकलेलाच राहिला.
विचारलं, हे काय?
माझी अरबी भाव करण्यापुरती.
म्हटलं, झाड. आमच्याकडचं. काटेरी.
काही बोलला नाही.
पानांची एक मूठ स्वतः आत टाकली,
स्वतः ठेचली, दोन ठोके, तीन,
मग हात थांबला, मी पुढं झालो.

पानं ठेचली की फेस येतो, हिरवा.
वर सिद्रचा वास, खाली तळाशी
लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, जाईना.
सालम म्हणाला, असू दे.

रात्री नेत्रावहिनीचा निरोप:
दूध उतरलं, बाळ झोपलं,
माझ्या बोटात अजून टोक आहे, भावजी,
तुमचं झाड फार वाईट आहे.

सकाळी खलबत्ता परत आला,
पुसलेला, कोरडा, फडक्यात गुंडाळलेला.
बिजूनं त्यात तिरफळं टाकली
आणि या वेळी नुसती ठेचली.