फुराखा

मुकादमचाचांना ड्रोन हवा होता.
रुवीच्या मागच्या गल्लीत, जिथे
एसीतून गळणारे थेंब चुकवत चालावं लागतं,
तिथल्या दहा बाय बाराच्या लाँड्रीसाठी, ड्रोन.
शिवाय बोर्ड गरगरत यावा, त्यावर चांदण्या पडाव्यात,
फोन नंबर दोनदा, आणि आवाज पुतण्याचा,
तो खेडला क्रिकेटच्या सामन्यांत माइकवर असतो.
"लोकांनी थांबून बघायला पायजे."
मी म्हटलं, तीन सेकंद मिळतात, चाचा.
तेवढ्यात अंगठा थांबला तर थांबला.
"तीन सेकंदात माझा चहा ढवळून होत नाय."

आठवडाभर मी दातांच्या दवाखान्यात
घाबरलेल्या माणसांना नावानं हाका मारते.
शुक्रवार माझा. ट्रायपॉड, उसना माइक,
आणि उजेड परतवायला
फ्रिजच्या खोक्यातला थर्मोकोलचा तुकडा.

पहिला शुक्रवार ट्यूबलाइटनं खाल्ला.
आपल्याला न दिसणारी तिची फडफड
कॅमेऱ्याला दिसते; भिंतभर काळे पट्टे सरकत राहिले.
दुसऱ्या शुक्रवारी ट्यूबच बंद केली,
दार सताड उघडलं आणि स्टुलावर बसून राहिले.
साडेचारला समोरच्या पांढऱ्या इमारतीवर आपटून
ऊन आत आलं, मऊ होऊन.
पत्र्याच्या साच्यांवर चढवलेल्या कुम्मा टोप्या
स्टार्च पिऊन ताठ बसल्या होत्या,
शाळेच्या फोटोला बसावं तशा.

शफीकुल म्हणाला, चेहरा नको.
का, ते मी विचारलं नाही.
मग काय, खाली वाकले, टेबलाच्या कडेला नजर आणली,
आणि तेव्हा कुठे दिसलं:
दिशदाशाच्या गळ्याशी लोंबणारा तो गोंडा, फुराखा,
ज्याला लोक अत्तर लावतात,
इस्त्री जवळ आली की शफीकुल
डाव्या हाताच्या दोन बोटांनी उचलतो,
झोपलेल्या बाळाचं जावळ
डोळ्यांवरून बाजूला करावं तसा.
वाफ खालून निघून जाते.
गोंडा परत जागेवर.
दिवसातून नव्वद वेळा. त्याला ठाऊकही नसावं.

सापडले, तीन सेकंद.

संगीत घातलं नाही, वाफेचा फुस्स पुरला.
रात्री कापायला बसले, सतरा मिनिटांचे तेवीस सेकंद.
मनगटाच्या आत भाजल्याची खूण होती, ताजी, गुलाबी;
पांढऱ्या कापडाशेजारी डोळा तिथेच अडकायचा.
रंग किंचित उबदार केले. खूण गेली.
इतकं सोपं.
उठून चहा केला, उभ्यानंच प्यायले,
आणि रंग होते तसे करून टाकले.

चाचांनी तीनदा पाहिलं.
"आमच्या बोर्डाला काय धाड भरली होती?"
मग शेवटी बोर्ड घातला, सेकंदभर, स्थिर,
चांदण्यांशिवाय. खाली दर: तीनशे बैसा.

आठवड्यात दोनशे अकरा जणांनी बघितलं,
निम्मे खेडचे, ज्यांचे कपडे
समुद्र ओलांडून इथे धुवायला यायचे नाहीत.
एक म्हातारे ओमानी गृहस्थ मात्र आले, हात रिकामे,
टेबलाशी उभे राहून नुसती बोटं बघत राहिले.
कुणी बघतंय म्हटल्यावर
शफीकुलची बोटं पहिल्यांदाच चुकली.

आणि चाचींचा निरोप, स्पीकरवर, गिऱ्हाइकांसमोर:
"दुकान बरा दिसता.
त्या पोराच्या हाताला कायतरी लावा."

चाचा काही बोलले नाहीत, गल्ला मोजत राहिले,
मोजलेला परत मोजला.

पुढच्या शुक्रवारी कुम्मा टोप्यांचं शूट होतं.
स्टार्चच्या डब्याशेजारी मलमाची ट्यूब पडलेली,
टोपण उघडं, अर्धी पिळलेली,
अगदी फ्रेमच्या मधोमध.
मी ती हलवली नाही.