काकपद

लातूरला, तळमजल्यावर,
जिथं मे महिन्यातही मी स्वेटर घालून बसतो,
तिथं आले व्यंकट नरहरी सगर, वय एकोणसत्तर,
निवृत्त लाइनमन, निलंगा सबस्टेशन.
चिठ्ठीवर लिहिलेलं: तोल जातो. पायाला जमीन कळत नाही.

'तोंड धुलालेत की पडलालेत,' गिरजाबाई म्हणाल्या,
'साबण लावला, डोळे मिटले, की गेलेच.'
ते हसले. अकरा केव्हीच्या खांबावर
तीस वर्षं बिनपट्ट्याचा चढलो, साहेब,
आता न्हाणीत पडतो.
अन् पायात वीज मारते, खरीखुरी,
खटका पाडायला डीपी नाही.

टॉर्च मारला तर बाहुली हलत नाही म्हणे,
बोट जवळ नेलं की बारीक होते.
उजेडाची ओळख गेलेली, जवळच्याची आहे अजून.

चांदीचा करदोडा, अंगठी, कवळी
बाईंच्या पदरात दिली.
मशीन ठोकत राहिलं.

मज्जारज्जूचा आडवा काप पडद्यावर आला,
करंगळीच्या पेराएवढा, करडा,
आणि मागच्या अंगाला पांढरं.
मॅडम रिपोर्टात 'उलटा व्ही' लिहितील.
मला शाळेची वही आठवली:
ओळीत अक्षर राहून गेलं की खाली करायची ती खूण,
काकपद.

बी-ट्वेल्व्ह आधीच बघून झालेलं, ते ठीक.
मग पाठीतलं पाणी काढलं. मग कळलं.
जुनी माणसं गरमी म्हणायची
तो आजार.

'कवाचा?' एवढंच विचारलं बाईंनी.
पस्तीस वर्षांचा असेल, डॉक्टर म्हणाले, जास्तही.
त्या बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या.
एक सहाव्या महिन्यात.
एक आठव्यात.
एक पुरे दिवस भरून, नुसतं रडलं नाही.
'सासू मला लेकरं खाणारी म्हणायची,'
त्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या.

तुमचंही रक्त तपासावं लागेल, मावशी.
'माझं कशाला? मी कुठं खांबावर चढले?'
मग बाही वर केली.

ते बेसिनपाशी उभे होते, कवळी बसवून.
अंगठी परत दिली, किल्ल्या दिल्या.
करदोडा मुठीतच राहिला.
एक हात अंतरावर थांबून
त्या म्हणाल्या,
'धुवा तोंड. डोळे मिटू नका.'