अधिक

नळ स्टॉपमागच्या लॅबमधून रिपोर्ट घेतला.
गुणसूत्रं सत्तेचाळीस.
शेहेचाळीस हवी होती.
डॉक्टरीणबाईंनी पॅडवर जोड्या काढल्या,
शेवटच्या जोडीला एक एक्स चिकटवला.
म्हणाल्या, जन्मापासूनचा आहे, कुणाची चूक नाही.

म्हणजे आखूड पडणाऱ्या पँटी,
टिळक टँकवर कधीच न काढलेला बनियन,
चाळिशीला टेकूनही मऊ राहिलेली हनुवटी,
सगळं या एका अक्षराचं.

धनकवडीला सासूबाईंनी पाट मांडलेला.
धोंड्याचा महिना. तेहतीस अनारसे, वर निरांजन.
"जावईबापू, पुढच्या अधिकात तिघं या."

मुग्धाची नजर तबकात. मनातल्या मनात मोजत होती.
"आई, चौतीस झालेत."
"असू दे गं. जास्तीचा काढत नसतात."

तोच मी आधी उचलला.
खसखस दातांत अडकली.