आठ सेल

रात्रभर चार्जरला लावून ठेवलं तरी
संगमापर्यंत पोचायच्या आत यंत्र गप्प.
बाबा म्हणतात, "ह्यां पण माझ्यासारखांच झालां."
मी म्हणते, तुमचं मला बदलता येत नाही,
ह्याचं येतं. द्या इकडे.

झाकणाला चार स्क्रू. तीन मुकाट निघाले.
चौथ्याची खाच खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली.
खोबरेलाचा थेंब सोडला, चहा प्यायले,
मग दाबून पिळला तर निघाला तो थेट उडालाच,
पायरीवरून खाली वाळूत.
देवबागात अंगण म्हणजे वाळूच.
एका अंगाला कर्ली, एका अंगाला दर्या,
मध्ये आमचं घर, आणि आता तिथेच कुठेतरी हा स्क्रू.
"मशीन लावून शोधूया," बाबा म्हणाले
आणि आपणच हसले.

आत आठ सेल,
वाट्यावर मांडलेल्या बांगड्यांसारखे
डोकं-शेपूट, डोकं-शेपूट.
मीटर लावला. सहा पूर्णांक दोन.
हवे होते साडेनऊच्या वर.
एक सेल तर इतका थकलेला
की उलटाच झाला होता, काटा शून्याच्या मागे.
खालच्या पत्र्यावर पांढरी बुकी साठलेली.
"आगळ लावून घासू?"
मिठाचा नको. बिनमिठाची सोलं भिजत घाला.

तेव्हा दिसली पट्टी.
पॅकच्या खाली दाबलेली, वहीच्या समासाची, चौघडी.
घरात याहून कोरडी जागा त्यांना सापडली नसावी.
बाबांचं अक्षर, ट्रॉलरवर डिझेलचा हिशोब लिहायचे तसलं,
मोठं, बिनशिरोरेघेचं:
गडहिंग्लज. मंगळसूत्राची वाटी १. लय रडत होती.
आणि खाली फोन नंबर.

तीन मे महिने झाले त्याला.
आणि तीन वर्षं मी समजत होते
हे बाटल्यांच्या बुचांसाठी जातात, गळांसाठी,
शिशाच्या गोळ्यांसाठी, दहाच्या नाण्यांसाठी,
घरी बसवत नाही म्हणून जातात.
चार अंगठ्या सापडल्या, चारही हॉटेलवर देऊन आले.
एकाने पाचशेची नोट दिली.
एकाने विचारलं, नक्की इथेच सापडली ना?
त्या दिवशी मी भांडले होते.
यंत्र विकून टाका म्हटलं होतं.

नऊ आकडे नीट लागतात.
दहावा बुकीने खाल्लाय.
शून्य असेल, सहा असेल, आठाचा खालचा अर्धा असेल.
"दहा फोन लावूया," मी म्हटलं,
"नऊजण शिव्या देतील, एवढंच ना?"
बाबा सोलं कुस्करत होते. वर न बघता म्हणाले,
"आधी वाटी तरी गावांदे."

आयटीआयच्या सरांनी शिकवलेलं,
सेलच्या पत्तीला डाग देताना श्वास धरायचा,
तीनपर्यंत मोजायचं, चारला तो तापतो,
आणि तापलेला सेल आयुष्य विसरतो.
सोळा डाग. सोळा वेळा श्वास धरला.
तांबडी तार, काळी तार. "शॉक बसात हां गो."
नाही बसत बाबा, एवढ्याने मुंगीलाही बसत नाही.
वर रबराची नळी चढवून मेणबत्तीवर आवळली,
त्यावर मार्करने नंबर उतरवला, नऊ आकडे,
दहाव्याच्या जागी टिंब.
पट्टी परत होती तशी घातली.

तीन स्क्रू लावून बटण दाबलं.
दिवा हिरवा.
बाबांनी थाळी पायरीपाशी फिरवली, सवयीने, हळू,
कुणी झोपलेलं असावं तशी.
दुसऱ्याच फेरीला ते कोकललं.
गुडघ्यावर बसले, दोन बोटं वाळूत घातली,
आणि स्क्रू वर.

मी पेचकस पुढे केला.
त्यांनी स्क्रू पुसला, खिशात टाकला.
"राहांदे. परत उघडूचा लागतला."
चप्पल शोधू लागले.
ओहोटी सव्वाचारची होती.