मात्रा

कुताइसीच्या बाजारामागे माझी भट्टी.
पहाटे चारला पेटते.
मातीच्या रांजणात कमरेपर्यंत वाकून
शोती थापतो मी, तलवारीसारखे लांब पाव,
आणि पहिला निघतो तो उभ्याउभ्या मीच खातो,
बोटं पोळत. रोज.
का, ते कधी विचारलं नव्हतं स्वतःला.

त्सिरा चार वर्षांची होती.
शब्दाच्या मधोमध थांबायची.
“बाबा, मला ते…”
पापण्या फडफडायच्या, दहा सेकंद, बारा,
मग “…लाल बूट.”
जणू मधे काही झालंच नाही.
शेजारीण म्हणाली, पोर स्वप्नाळू आहे.
बालवाडीच्या बाईंनी लिहून दिलं: लक्ष नसतं.

आलेखावर डावा मेंदू, उजवा मेंदू,
एकाच क्षणी दोन्हीकडे टोकं उठत होती,
सेकंदाला तीन.
गोळी आली. दुसरी आली. तिसरीनं ती सुजल्यासारखी जाडी झाली.
मात्रा वाढवली.
मात्रा लागू पडेना.

मग डॉक्टर एतेरींनी विचारलं,
“जास्त कधी होतं? खाण्याआधी की नंतर?”
इतक्या दवाखान्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.
लामारा माझ्याआधी बोलली:
“सकाळी. उपाशीपोटी.”

पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. साखर मोजली.
रक्तात होती, पाण्यात निम्मीसुद्धा नाही.
एक कुपी विमानानं कुठे कुठे गेली
आणि नऊ आठवड्यांनी कागद आला:
एवढ्या मोठ्या पोथीत एक मात्रा गळालेली,
म्हणून साखरेचं दार अर्धंच उघडतं.
भरल्या ताटावर पोरीचा मेंदू उपाशी.

उपाय?
पाव बंद.
मी हसलो. अंगभर पीठ, आणि हसत सुटलो.
लोणी, अंडी, अक्रोड, मेंढीची चरबी.
मेंदू त्यावरही जळतो म्हणे,
दिवा तेलावर जळतो तसा.
लामारानं सोनाराकडचा काटा आणला,
त्यावर ती लोणी तोलते.

आमचंही रक्त घेतलं होतं.
खालच्या ओळीत, बारीक अक्षरांत: वडिलांकडून.

तेव्हा आठवलं.
शाळेच्या चढावर, न खाता निघालो की
माझे पाय वाकडे पडायचे.
पोरं नक्कल करायची.
आई खिशात पावाचा तुकडा कोंबायची, न बोलता.
बाराव्या वर्षी मी भट्टीवर लागलो.
लोक म्हणतात, बाद्रीच्या हाताला गुण आहे.
हाताचं मला माहीत नाही.
भूकच कदाचित हात धरून
इथे सोडून गेली मला.

आज त्सिरा पिठाच्या पोत्यावर बसलीय,
मांडीवर अक्रोडांची डबी.
“बाबा, मला ते…”
थांबते.

मी वाकलेला तसाच राहतो.
तिच्या पापण्या बघतो.
हलत नाहीत.
नुसती विचार करतेय.
आत एक शोती करपतेय, वास येतोय.
करपू दे.