अर्धा तंतू

पंप कमरेला. नळी पाठीवरून, खांद्यावरून पुढे.
गाळणीची डबी कॉलरला, तोंड जमिनीकडे.
तुम्ही जी हवा घ्याल तीच हाही घेईल, मी सांगते.
इबू एंतिन डबीवर नखाने टकटक करतात:
“म्हणजे आजचा दिवस मला दोन नाकं.”

बोगोरच्या अलीकडे, भातखाचरं संपतात तिथे
हा कारखाना दगडाचं सूत काततो.
त्या सुताचे हातमोजे, भट्टीवाल्यांचे ॲप्रन,
कुठल्याशा जहाजाच्या नळांना गुंडाळायच्या पट्ट्या.
आज फरशी पुसलेली, अजून ओली.
तीन नंबरचा साचा बंद.
“बिघडलाय,” मुकादम म्हणतो,
आणि माझ्या खुर्चीवरची पांढरी भुकटी
स्वतःच्या रुमालाने झटकून, रुमाल खिशात ठेवतो.
मी लिहिते: साचा तीन बंद. फरशी ओली.
रुमालासाठी रकाना नाही.

मिनिटाला दोन लिटर.
एंतिन या साच्यावर एकोणीस वर्षं आहेत.
तो गुणाकार मी सुरू करते
आणि पहिल्याच हातच्याला सोडून देते.

शेवटच्या तासासाठी डबी बदलली.
पाळी सुटली तेव्हा मी सहीसाठी आत,
बाहेर आंगकोतवाल्याचा हॉर्नवर हॉर्न,
आणि एंतिन निघून गेल्या,
कमरेला पंप तसाच, गुरगुरत.

सकाळी परत घेऊन आल्या, कापडात बांधून,
वर केळीच्या पानात तळलेला टेंपे, मला म्हणून.
“रात्री कधीतरी आपोआप गप्प झाला.
नातवाला वाटलं मांजर. उशाशी घेऊन झोपला.”
उशी कसली आहे त्याची?
“इथल्याच कापडाची. तुकडे फुकट देतात.
भरायलाही इथलंच. वाळवी लागत नाही, बाई,
जळत नाही, कुजत नाही.”

ॲसिटोनच्या वाफेत गाळणी निवळते,
काचेवर काही उरतच नाही,
भिंगाखाली मात्र उरतं.
पाच मायक्रॉनहून लांब, तीनहून बारीक, तेवढेच धरायचे.
दोन्ही टोकं वर्तुळात, तर एक.
एकच टोक आत, तर अर्धा.
दोन्ही बाहेर आणि तंतू मधून आरपार, तर शून्य.
शून्य कसं, मी शिकताना विचारलं होतं.
“शेजारचं वर्तुळ धरेल त्याला,” सर म्हणाले.
शेजारच्या वर्तुळाकडे
माझं भिंग बहुधा जातच नाही.

दिवसाची डबी: शंभर वर्तुळं, साडेअकरा तंतू.
मर्यादेच्या पुष्कळ आत.
दुसरी डबी नियमाने रद्द.
वेळ माहीत नाही, प्रवाह माहीत नाही,
जागा कारखान्याबाहेरची.
मी ‘रद्द’ लिहिलं, तारीख घातली,
मग दाराला कडी लावून मोजायला बसले.
शंभर तंतू झाले की थांबायचं असतं.
विसाव्या वर्तुळालाच झाले.
मी थांबले नाही.
कुठे तरी चाळिसाच्या पुढे डोळ्याला पाणी आलं,
भिंगाला फार वेळ डोळा लावला की येतं.

अहवाल गेला. त्यात साडेअकरा आहेत.

रविवारी बाजारातून सावरीच्या कापसाची उशी घेतली,
दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिकटपट्टी,
आणि विचारत विचारत त्यांचं घर गाठलं.
अंगणात दोरीवर निळा गणवेश, नुकताच झटकलेला.
खाली तो पोर, अनवाणी, कोंबडीमागे.
बोलायचं ठरवून आले होते ते सगळं बोलले,
फुप्फुस, वर्षं, धूळ, पाण्यात भिजवून ठेवा.
एंतिन मान हलवत ऐकत होत्या,
जशी पाहुणीची ऐकतात.
नवी उशी त्यांनी गालाला लावून बघितली.
“मऊ आहे,” म्हणाल्या.
मी पिशवीचं तोंड उघडून धरलं, जुनीसाठी.

“ती कशाला नेता? चांगली आहे की.
ती आता पाहुण्यांना होईल.”