बारावी पायरी

हेल्वी वाळूत चित्रं काढायची. आडवी काच, खालून दिवा.
वाळू पार्नूच्या किनाऱ्यावरची, तीनदा चाळलेली,
तव्यावर परतून कोरडी केलेली.
बदकाच्या पिसानं ती एक कोट काढायची, कोटात एक माणूस,
आणि म्हणायची, "घे."
मी बटण दाबायचो.
मग तळहातानं ती माणूस पुसायची
आणि अर्धं बोट पुढे पुन्हा काढायची. "घे."
दिवसभर राबून पडद्यावरचे चार सेकंद.
माझं काम एवढंच: घेणं, आणि वहीत एक रेघ मारणं.

माणूस म्हणजे तिचा भाऊ, उर्मास.
त्यांच्या घराच्या जिन्याला पायऱ्या अकरा.
उर्मास बारा मोजायचा.
अकरावीनंतर पाय उचलून हवेत ठेवायचा, सावकाश,
वाटेत झोपलेल्या कुणाला ओलांडावं तसा,
आणि मगच दार ढकलायचा.
आई ओरडायची. बाप खडूनं आकडे लिहून दाखवायचा.
आधी गोळ्या आल्या, मग सुया,
मग टेकडीवरचं इस्पितळ. तिथल्या इमारती सगळ्या बैठ्या.
"तिथे कसा शहाण्यासारखा राहतो," आई सांगायची.
जिनाच नाही, तर चुकणार कुठे?

हेल्वीनं चित्रपटात बारा काढल्या.
साहेब म्हणाले, हे विनोदी आहे का?
ती म्हणाली, मोजून बघा.

फेब्रुवारी होता. समुद्र गोठून पांढरा,
हीटर बंद, वाळूला हात लावला तरी बोटं दुखायची.
त्या दिवशी एकाच चित्रावर तिनं दोन तास घालवले:
उर्मासचा पाय बाराव्या पायरीवर टेकतो
आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच
तो मान वळवून आपल्याकडे बघतो.
"घे," ती म्हणाली.

मी बघत राहिलो.
बोट बटणावरच होतं.
तिचा तळहात नेहमीच्या सवयीनं आला
आणि कोट, मान, तो चेहरा,
सगळं एका बाजूला ढीग होऊन पडलं.

वहीत रेघ मात्र मी मारली.

नऊ दिवसांनी टेकडीवरून फोन आला.
कसा गेला ते तिनं सांगितलं नाही.
मी कॉफी केली, साखर विसरलो, ती तशीच प्यायली
आणि तेराव्या प्रसंगाची काच पुसायला घेतली.

चित्रपट सात मिनिटांचा झाला.
त्यात उर्मास पाय उचलतो, आणि एकदम दारापाशी असतो.
पेपरात कुणी लिहिलं, त्या एका धक्क्यात अख्खं मरण आहे,
केवढं धाडस.
टाळ्या चालू असताना हेल्वी माझ्याकडे वळली.
काही बोलली नाही.
चित्रं मोजूनच काढायची ती, रेघाही मोजल्या असतील.
तिला जाऊनही आता एकोणीस हिवाळे झाले.

मागच्या मंगळवारी तार्तूत
एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला कागद दिला:
आजोबा, घड्याळ काढून दाखवा.
गोल बरा आला. एक, दोन, तीन.
अकरापर्यंत आकडे ओळीनं बसले.
मग मी पेन्सिल उचलली
आणि ती हवेतच राहिली.
बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

मला त्यांना सांगायचं होतं की हे विसरणं नव्हे,
जागा राखून ठेवलीय.
पण खरं सांगायचं तर तेही नव्हतं.

ते चित्र जगात फक्त माझ्यापाशी आहे
आणि माझ्यापाशी ते नीट राहत नाही.
कधी त्या कोटाला माझ्या कोटाची कॉलर असते.
कधी तो बघतो, कधी नुसतंच कपाळ.
रात्री उठून मी तेवढंच आठवत बसतो:
त्या पायाखाली
तिनं खरंच वाळूची रेघ ओढली होती,
की काच मोकळीच होती, नुसता खालचा उजेड?